हेलियम लागत नाही म्हणून परमनंट मॅग्नेटचं एमआरआय घ्यावं का? खान्देशातल्या एका डॉक्टरांना उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात. शहाद्याला एका डॉक्टरांचं हॉस्पिटल आहे, पेशंट जास्त करून हाडांचे आणि मणक्याचे. एमआरआयसाठी पेशंट नंदुरबार, धुळे नाहीतर थेट सुरतेला पाठवावे लागतात. एका विक्रेत्याने त्यांना वापरलेलं, नीटनेटकं करून दिलेलं ०.३५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) ओपन एमआरआय दाखवलंय. त्याचं म्हणणं, "यात परमनंट मॅग्नेट आहे. हेलियम नको, मॅग्नेटला वीज नको, लाइट गेली तरी काही बिघडत नाही." दुसरा पर्याय १.५ टेस्लाचं सुपरकंडक्टिंग, म्हणजे द्रव हेलियमने अतिथंड ठेवलेल्या तारांच्या वेटोळ्यांचं यंत्र. यातलं आपल्या भागात कोणतं टिकेल, असं त्यांनी विचारलंय. शिवाय त्यांचा पुतण्या शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याला छोटा एमआरआय मॅग्नेट स्वतः बनवायचाय. त्याचं शेवटी बोलू.

डॉक्टरसाहेब, विक्रेता खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. मॅग्नेटला वीज लागत नाही हे खरंच आहे. वीज लागते ती मॅग्नेट ज्या खोलीत ठेवाल त्या खोलीला, आणि आपल्याकडे ती चोवीस तास लागते. मॅग्नेट बसवणं, शिमिंग करणं (म्हणजे फिल्ड, चुंबकीय क्षेत्र, सगळीकडे एकसारखं करणं), कोल्ड हेड (हेलियम थंड ठेवणारा भाग) बदलणं हे माझं रोजचं काम, आणि त्यातलं बरंचसं जळगाव, धुळे, नंदुरबार याच पट्ट्यात झालंय. त्यावरून एवढं नक्की सांगतो की टेस्लाचा आकडा नंतर बघा, आधी तापमान बघा. दोन्ही मॅग्नेट शेवटी तापमानावरच चालतात. एकाला उणे २६९ अंश लागतात, दुसऱ्याला तिशीच्या आसपासचं तापमान लागतं, पण ते जराही हललेलं चालत नाही. आणि हे दुसरं काम पहिल्यापेक्षा सोपं आहे असं समजू नका.

तुम्हाला दाखवलेल्या मशीनमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन पोल असतात. ते योकने, म्हणजे जाड लोखंडी चौकटीने, जोडलेले असतात आणि पेशंट मधल्या फटीत झोपतो. पोलमध्ये निओडिमियम-लोह-बोरॉनचे ठोकळे बसवलेले असतात. हा पदार्थ १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी जवळपास एकाच वेळी तयार केला. ठोकळ्याची स्वतःची ताकद १.२ ते १.४ टेस्ला असते, मग फटीत ०.३५ च का मिळतात? कारण फट मोठी ठेवावी लागते, माणूस आत मावायला हवा. फट वाढली की चुंबक आणि लोखंड दोन्ही भराभर वाढतात. म्हणून असा मॅग्नेट दहा-पंधरा टन आणि त्याहूनही जड भरतो, आणि अर्ध्या टेस्लाच्या पुढे हा मार्ग कुणी फारसा धरत नाही.

आता मुख्य अडचण. निओडिमियम चुंबकाची ताकद दर अंश सेल्सिअसला साधारण ०.११ टक्क्याने उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण एमआरआयमध्ये आपण हायड्रोजनच्या केंद्रकाची फ्रिक्वेन्सी मोजतो आणि ती फिल्डच्या थेट प्रमाणात असते, एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. ०.३५ टेस्लाला झाले १४.९ मेगाहर्ट्झ. त्याचे ०.११ टक्के म्हणजे सोळा हजार हर्ट्झच्या वर, आणि तेही फक्त एका अंशाला! मॅग्नेट एका अंशाच्या शंभराव्या भागाने हलला तरी फ्रिक्वेन्सी १६० हर्ट्झने सरकते. तुलनेसाठी बघा, याच मशीनवर चरबी आणि पाणी यांच्या सिग्नलमधलं अंतर जेमतेम ५२ हर्ट्झ आहे.

म्हणून कंपन्या मॅग्नेटला हीटर लावतात आणि तो खोलीपेक्षा थोडा गरम, तिशीच्या जरा वर, स्थिर धरतात. युक्ती चांगली आहे, पण ती जपान-युरोपातली आहे. हीटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. तिकडे खोली बावीस अंशांवर असते, हीटर थोडी ऊब देतो आणि सगळं जागेवर राहतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ आणि एसी बंद पडलेला असेल तर खोली मॅग्नेटच्या ठरलेल्या तापमानाच्या वर जाते. मग हीटर बंद होऊन गप्प बसतो आणि मॅग्नेट वाहवत जातो. थंडीत धुळ्याला पारा सात-आठवर येतो तेव्हा उलटं होतं, हीटर पूर्ण ताकदीने चालूनही पुरत नाही. रावेर-सावद्याचे केळीवाले रायपनिंग चेंबरचं तापमान जितक्या निगुतीने सांभाळतात, तितक्या निगुतीने ही खोली सांभाळावी लागते, आणि केळीला एखादा अंश इकडेतिकडे चालतो तसा इथे चालत नाही.

एक प्रकार इतक्या ठिकाणी बघितलाय की आता फोनची रिंग वाजली की सोमवार आहे का ते आधी बघतो. शनिवारी रात्री बिल वाचवायला कुणीतरी स्कॅन रूमचा एसी बंद करतं. रविवारभर खोली तापते. सोमवारी सकाळी टेक्निशियन पेशंट टेबलावर घेतो, प्रीस्कॅन (स्कॅनआधीची जुळवाजुळव) लावतो आणि मशीनला सेंटर फ्रिक्वेन्सीच, म्हणजे हायड्रोजनची त्या वेळची नेमकी फ्रिक्वेन्सीच सापडत नाही. हाताने शोधून लावली तर इमेज येते, पण कडा वाकड्या, एका बाजूला काळा डाग. वरचा पोल छताकडच्या गरम हवेत असतो आणि खालचा थंड फरशीजवळ, त्यामुळे दोघे सारखे तापत नाहीत. फिल्ड नुसतं उतरत नाही, तिरकंही होतं. मग एसी पूर्ण थंडीवर लावून सगळे वाट बघत बसतात. पंधरा टन लोखंड आहे ते, दुपारपर्यंत जागेवर येत नाही. एखादा दिवस तर जातोच, कधी दोन. तोवर पेशंट पुढच्या गावाला.

यावर दुसरा पदार्थ वापरता येत नाही का, असं तुम्ही विचाराल. येतो. समेरियम-कोबाल्ट दर अंशाला ०.०३ ते ०.०४५ टक्केच उतरतो, पण महाग, ठिसूळ आणि ताकदीने कमी. अॅल्निको तर ०.०२ टक्क्यावरच थांबतो, पण समोरून थोडं उलट फिल्ड आलं की त्याचं चुंबकत्व जातं, म्हणून एमआरआयला निरुपयोगी. गायीने चाऱ्यातून तार-खिळा गिळला तर तो हृदयाकडे सरकू नये म्हणून तिच्या पोटात जो लांबट चुंबक सोडतात, तो मात्र बहुतेकदा अॅल्निकोचा असतो. बायोमेडिकल चुंबकांत सगळ्यात स्वस्त आणि बिनतक्रार काम करणारा तोच, असं माझं मत. फेराइट स्वस्त, पण दर अंशाला ०.२ टक्के उतरतो आणि वजन भरमसाट. काही डिझाइनमध्ये तापमान भरून काढणारे मिश्रधातू बसवतात, त्याने उतार कमी होतो, शून्य होत नाही.

उन्हाने मॅग्नेट कायमचा उतरेल का, ही भीती बऱ्याच जणांना असते. नाही. साध्या ग्रेडचं निओडिमियमही ८० अंशांपर्यंत चालतं, आणि डिस्प्रोसियम घातलेलं त्याच्याही वर. आपल्या मे महिन्याने तो मरणार नाही. वापरलेल्या मॅग्नेटमध्ये तपासायचं ते वेगळंच असतं. पोलच्या कडेला गंज आहे का, कोटिंग फुगलंय का, वाहतुकीत एखादा ठोकळा चिरलाय का. निओडिमियम गंजतं आणि गंजलेला ठोकळा भुगा होत जातो. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून दाखवायला विक्रेता नाही म्हणाला तर तिथेच व्यवहार थांबवा.

आता १.५ टेस्ला. यात निओबियम-टायटॅनियमचे केसाहून बारीक तंतू तांब्यात गाडलेले असतात. त्या तारेची वेटोळी ४.२ केल्विनच्या, म्हणजे त्याच उणे २६९ अंशांच्या, द्रव हेलियममध्ये बुडवलेली असतात. तिथे तारेचा रोध नाहीसा होतो. एकदा काही शे अँपिअर सोडले आणि टोकं जोडून टाकली की प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणजे फिल्डसाठी वीज यालाही लागत नाही! विक्रेत्याने जो गुण परमनंटचा म्हणून सांगितला, तो दोघांचाही आहे. आणि स्थिरतेत तर तुलनाच नाही. चांगल्या सुपरकंडक्टिंग मॅग्नेटचं फिल्ड तासाला दहा लाखांत एकाच्या दहाव्या भागाहूनही कमी उतरतं, खोलीचं तापमान काहीही असो.

वीज खातं ते हेलियम पुन्हा पुन्हा थंड करणारं कोल्ड हेड आणि त्याचा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर सातेक किलोवॉट खातो आणि त्या बदल्यात ४.२ केल्विनवर एक-दीड वॉट उष्णता बाहेर काढतो. सात किलोवॉट म्हणजे दिवसाला १६८ युनिट, महिन्याला पाच हजार, चिलरचे वेगळे. हे स्कॅन एकही झाला नाही तरी. या कोल्ड हेडच्या पोटातही चुंबकीय पदार्थच आहेत, हे फार कमी जणांना माहीत असतं. दहा केल्विनच्या खाली शिशासारखे धातू उष्णता साठवून धरू शकत नाहीत, म्हणून तिथे अर्बियम-निकेल, होल्मियम-तांबे अशा संयुगांचे बारीक मणी भरतात. त्या तापमानाला त्यांची चुंबकीय रचना बदलते आणि त्या बदलात उष्णता शोषली जाते. हे पदार्थ आले म्हणून हेलियम मशीनमध्येच परत द्रव करता येऊ लागला. त्याआधी ठरावीक काळाने टाकी भरावीच लागायची.

कोल्ड हेड चालू असतं तेव्हा खोलीत सतत 'चिक्-चुप, चिक्-चुप' आवाज येतो. सेंटरवर झाडलोट करणाऱ्या एका मावशींनी एकदा फोन केला होता, "साहेब, मशीनना आवाज बंद शे." टेक्निशियन सुटीवर होता, अलार्मकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आवाज थांबला म्हणजे हेलियम उडायला लागला, हे मावशींना कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या इथे रात्रपाळीच्या प्रत्येकाला हे शिकवा.

कोल्ड हेड बंद पडण्याचं आपल्या भागातलं खरं कारण बहुतेक वेळा मॅग्नेट नसतो, चिलर असतो. कॉम्प्रेसरला थंड पाणी लागतं, ते चिलर देतो, आणि चिलरचं बाहेरचं युनिट गच्चीवर पत्र्याखाली, पॅरापेटला टेकवून ठेवलेलं असतं. त्याचीच गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येते. बाहेर ४५ असताना त्याला ५२-५३ ची हवा मिळते आणि ते ट्रिप होतं. त्यात कापूस. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत तंतू उडतात आणि कंडेन्सरच्या पट्ट्यांमध्ये नमदा बसावा तसे बसतात. थंडीत काहीच कळत नाही, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळतं. मार्चमध्ये कंडेन्सर धुऊन घेणं आणि चिलरमध्ये बोअरचं क्षारवालं पाणी न घालणं, या दोन गोष्टींनी माझ्याकडे येणारे उन्हाळी फोन निम्मे होतील.

क्वेंचबद्दलही बरंच ऐकलं असेल. तारेचा एखादा भाग तापला की तिथे रोध येतो, त्याने आणखी उष्णता, आणि काही सेकंदांत मॅग्नेटमधली सगळी ऊर्जा हेलियममध्ये जाते. १.५ टेस्लात ही ऊर्जा साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास असते, म्हणजे एमएसईबीच्या मीटरवरचं एक युनिट. एका युनिटने काय होणार? द्रव हेलियमचा एक लिटर उडवायला जेमतेम २.६ किलोज्यूल पुरतात, म्हणजे कागदावरच्या हिशोबाने तेराशे लिटर उडतो. प्रत्येक लिटरचा सातशेच्या वर लिटर वायू होतो. तो पाइपने बाहेर गेला नाही तर खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो. म्हणून क्वेंच पाइपवर काटकसर करू नका, आणि पाइपच्या तोंडात कबुतरांनी घरटं केलंय का ते बघत जा.

  

कमी हेलियमची नवी यंत्रंही आहेत. काहींत सात लिटर, काहींत एक लिटरसुद्धा नाही, सगळं सीलबंद. क्वेंच पाइप नको, टाकी भरणं नको. मला ती आवडतात, पण शहाद्यासाठी एक मुद्दा लक्षात घ्या. जुन्या मॅग्नेटमधला दीड हजार लिटर हेलियम म्हणजे हाताशी असलेला वेळ. कोल्ड हेड बंद पडलं तरी तो दिवसेंदिवस थोडा थोडा उडत मॅग्नेट थंड ठेवतो. सीलबंद मॅग्नेटकडे तेवढी शिल्लक नसते. वीज फार वेळ गेली की तो स्वतःच फिल्ड उतरवतो, आणि मग पुन्हा थंड करून चढवेपर्यंत काम बंद. वादळात खांब पडून लाइट दोन दिवस जाणाऱ्या ठिकाणी हा हिशोब वेगळा निघतो. अशा यंत्राला कॉम्प्रेसर आणि चिलर दोन्ही ओढणारा, आपोआप सुरू होणारा जनरेटर पाहिजे. एसी आणि लिफ्टपुरता जनरेटर चालणार नाही.

इमेजचं म्हणाल तर तुम्ही डॉक्टर आहात, मी फार बोलत नाही. सिग्नल ढोबळमानाने फिल्डच्या प्रमाणात असतो. १.५ आणि ०.३५ मध्ये चारपटीहून जास्त फरक आहे, आणि तो केवळ वेळ वाढवून भरून काढायचा तर कागदावर अठरापट वेळ लागतो. प्रत्यक्षात इतकं वाईट नसतं, सॉफ्टवेअर बरंच भरून काढतं. गुडघा, खांदा, कमरेची गादी यांना ०.३५ पुरतं. रॉड-प्लेट टाकलेल्या पेशंटमध्ये तर धातूची विकृती तिथे कमी दिसते. घाबरणारा आणि स्थूल पेशंट ओपनमध्ये शांत झोपतो. पण चरबीचा सिग्नल फ्रिक्वेन्सीवरून दाबणं तिथे जमत नाही, स्टिर या दुसऱ्या स्कॅन-पद्धतीवर भागवावं लागतं. आणि पक्षाघात, लिव्हर, कर्करोग यासाठी मशीन घेत असाल तर ०.३५ घेऊच नका.

जागेचं बोलायचं तर शहाद्यात रेल्वे नाही, ही एक डोकेदुखी कमी. भुसावळ-जळगावला रुळाजवळची जागा बघताना माझा निम्मा वेळ तिच्यातच जातो. तुमच्याकडे उसाचा हंगाम आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर खिडकीखालून गेला की तेवढं लोखंड फिल्डमधून सरकतं. रस्ता आणि पार्किंग मॅग्नेटपासून आठ-दहा मीटर तरी लांब धरा, नेमका आकडा कंपनीच्या साइट प्लॅनमधून घ्या. भिंतीला लागून डीपी असेल तर जागा बदला. परमनंट असेल तर तळमजलाच.

सुरक्षेतही फरक आहे. सुपरकंडक्टिंग मॅग्नेटवर कुणी अडकलं तर शेवटचा उपाय म्हणून लाल बटण दाबून क्वेंच करता येतो. परमनंटला बटणच नाही, तो रात्री, सुटीत, लाइट गेल्यावरही पूर्ण ताकदीने चालू. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एक माणूस मॅग्नेटकडे ओढला गेला आणि त्याचा जीव गेला. ओपन मशीन बघून लोकांना ते गरीब वाटतं. तसं नाही, ०.३५ टेस्लाही सिलिंडर ओढतो. आत फक्त अॅल्युमिनियमचा सिलिंडर आणि ट्रॉली, दुसरं काही नाही.

मग घ्यायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर मोठ्या टाकीचं, शून्य-उडीचं (हेलियम उडून न जाणारं), वापरलेलं १.५ टेस्ला आधी शोधलं असतं. गेल्या दोन वर्षांची हेलियम पातळीची नोंद आणि कोल्ड हेड कधी बदललं याचा कागद बघून घेतलं असतं, आणि चिलर मात्र नवा, ५० अंशांच्या हवेला चालणारा. तेवढं भांडवल किंवा तेवढे पेशंट नसतील आणि काम खरंच हाडं-मणक्याचं असेल तर ०.३५ घ्या, वाईट नाही. पण मग खोलीच्या छताला इन्सुलेशन, दोन एसी आलटून-पालटून, दोन्ही जनरेटरवर, आणि ते बंद करायचे नाहीत ही ताकीद. पोलच्या तापमानाची रोजची वही ठेवा. करारात एक ओळ घाला की फिल्डच्या एकसारखेपणाची चाचणी बसवल्यावर एकदा आणि मे महिन्यात दुपारी पुन्हा एकदा होईल, शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीनंतर. डिसेंबरात सगळेच मॅग्नेट पास होतात.

पुतण्याचा विचार चांगला आहे आणि होण्यासारखाही आहे. नेदरलँड्समध्ये लायडनच्या गटाने १२ मिलिमीटरचे तीन हजारांच्या आसपास निओडिमियमचे घन हालबाख रचनेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याची दिशा ठरावीक कोनाने फिरवत, गोलाकार बसवून डोकं मावेल असा ५० मिलिटेस्लाचा मॅग्नेट केला. २०२२ मध्ये तशाच धर्तीचं यंत्र युगांडात मबरारा विद्यापीठात जागेवरच जुळवलं गेलं. या रचनेत फिल्ड जवळपास सगळं आतच राहतं, लोखंडी योक लागत नाही, म्हणून वजन कमी. त्याने सुरुवात एका कड्यापासून करावी, पन्नास-साठ तुकडे पुरतील. चौकट अॅक्रिलिकची किंवा थ्री-डी प्रिंट केलेली घ्यावी. प्रत्येक तुकडा बसवण्याआधी हॉल प्रोबने (फिल्ड मोजायच्या उपकरणाने) मोजावा, एकाच खोक्यातले तुकडेही एक-दोन टक्के वेगवेगळे निघतात, आणि मोजताना शेजारी थर्मामीटर ठेवावा. तुकडे एकेक करूनच बाहेर काढायचे, बाकीचे हातभर लांब, खोक्यात. दोन मोकळे सुटले तर मध्ये सापडलेलं बोट काळंनिळं होतं आणि तुकडे फुटून कपच्या उडतात, म्हणून चष्मा घालून बसायचं. स्क्रूड्रायव्हर पितळेचा.